मुलीला विरोधी पक्षनेता व्हायचंय

प्रश्न : मुलगी साताऱ्यात राज्यशास्त्र घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय 20. तिला राज्याची विरोधी पक्षनेता व्हायचंय. आमचा आग्रह स्पर्धा परीक्षेचा. काय करावं? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तिची इच्छा मोडू नका, पण नजर पदावर ठेवू नका. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला विधानसभा अध्यक्ष मान्यता देतात, तेव्हा कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळतो. 288 पैकी एक दशांश, म्हणजे 29 आमदार हवेत हा संकेत. विरोधी पक्षनेत्यांच्या 1978च्या वेतन-भत्ते कायद्यात तशी अट नाही. 2024 मध्ये एकाही विरोधी पक्षाला 29 जागा मिळाल्या नाहीत आणि पदाचा पेच पडला. इतकं ते संख्याबळावर आणि पक्षावर अवलंबून. सभागृहातलं काम मात्र तिला आजपासून शिकता येईल.

सुरुवात प्रश्न लिहिण्यापासून करावी. विधानमंडळाच्या संकेतस्थळावरची तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची उत्तरं तिनं वाचावीत. 'हे खरे आहे काय' असा मोघम प्रश्न गेला, की 'अंशतः खरे आहे' किंवा 'माहिती घेण्यात येत आहे' म्हणून मंत्री मोकळे होतात. गाव, कामाचं नाव, मंजुरीची तारीख, मंजूर आणि खर्च झालेली रक्कम एवढं प्रश्नात असलं, की पळवाट उरत नाही आणि उपप्रश्नाला धार येते. हा तपशील माहिती अधिकारातून मिळतो : 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत, उत्तर न आल्यास प्रथम अपील. तिनं आपल्याच तालुक्यातली एक पाणीयोजना घेऊन हे करून पाहावं. जोडीला पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर सरकार मागतं तो जादा खर्च) आणि कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे अहवाल वाचायची सवय हवी. ही सवय नसलेले अनेक आमदार अर्थसंकल्पावर नुसतं जोरात बोलतात.

पोटापाण्यासाठी पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल. बी. करावं. वकिली करताना निवडणूक लढवता येते. सरकारी नोकरीत आधी राजीनामा द्यावा लागतो. म्हणून तुमचा आणि तिचा रस्ता एक नाही, हे आत्ताच बोलून घ्या.

जिल्हा परिषदेला 21 वर्षं पुरतात, विधानसभेला 25 लागतात. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. पण आरक्षण फिरतं, पाच वर्षं जिथं राबलो तो गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, ऐनवेळी दुसऱ्या प्रवर्गाला जातो. त्यामुळे ओळख एका गटापुरती ठेवू नये. मृणाल गोरे मुंबईच्या पाणीप्रश्नातून पुढे आल्या, नगरसेविका, आमदार, खासदार झाल्या आणि ऐंशीच्या दशकात विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही. तेव्हा त्यांच्या पक्षाचे आमदार एक दशांशाहून कमी होते.

विधानसभा लढवली, तर निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो, हरलं तरी. तो चुकला तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आणि घरात कुणाचा सरकारी ठेका असेल, त्यात तिचं नाव भागीदार म्हणून असेल, तर ते उमेदवारीआधी काढून घ्या.