पावसाची सुट्टी आणि परळची दीड खोली

"मॅडम, रेड अलर्ट आला की शाळेला सुट्टी. माझं काम घरूनच, ते काही थांबत नाही. हा दिवसभर मोबाइलला चिकटून असतो. काढून घेतला की लाथा झाडतो."

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली, परळच्या चाळीत राहणारी आई, आठ वर्षांचा मुलगा, सोबत आजी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जुलैत ही काळजी अनेक पालक बोलून दाखवतात.

पहिल्या भेटीत तिला एकच काम दिलं: तीन सुट्ट्यांत भांडण किती वाजता झालं ते लिहून आणायचं. नोंदीत दोन वेळा पुन्हापुन्हा दिसल्या, सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात. पहिली शाळेतल्या मधल्या सुट्टीची, दुसरी खाली पटांगणात खेळायची. मूळ अडचण मोबाइलची नव्हती, त्याचं अंग अडकून पडलं होतं. ज्याची हालचाल झालेली नाही असं मूल चित्र काढायला बसत नाही; बसवलं तरी दहा मिनिटांत उठतं.

आईनं प्रयत्न केले होतेच. एका सकाळी रंग, ओरिगामी, कागदाचा लगदा, सगळं एकदम काढलं आणि अकराच्या आत सगळं संपलं. लगद्याच्या वाडग्याला चौथ्या दिवशी बुरशी आली. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता बरेचदा ८५ टक्क्यांच्या वर असते. खळीत भिजलेला कागद वाळत नाही आणि खळीतल्या पिठावर बुरशी पोसते. ओरिगामीचा कागदही मऊ पडतो, घडी धरत नाही. दोष हवेचा असतो, पण मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. म्हणून या दोन गोष्टी पावसाळ्यापुरत्या बंद केल्या.

मग क्रम ठरवला: आधी अंग, मग हात, मग बैठं.

खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून उड्या नकोत. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं ३० सेकंद बसणं, दोन्ही हातांनी भिंत ढकलणं (दहा वेळा), खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अस्वलचाल, शेवटी सहा सूर्यनमस्कार. सगळं मिळून १५ मिनिटं, अकराला आणि पाचला, दोन्ही वेळा. आजीनं मोजायचं.

हातांसाठी शाडू. पावसाळ्यात हीच माती सगळ्यांत कामाची, कारण दमट हवेत ती सावकाश सुकते आणि त्यामुळे तडे कमी जातात. अर्धा किलो पुरते. पोळीच्या कणकेइतकी मऊ मळायची. पाणी जास्त झालं की हाताला चिकटते आणि सुकताना भेगा पडतात. उरलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात. हात बादलीतच धुवायचे, मोरीत नाही. माती खाली बसून पाइप तुंबतो.

मुलाला सर्वांत धरून ठेवलं ते पर्जन्यमापकानं. सरळ अंगाची, वळ्या नसलेली एक लिटरची बाटली खांद्यापाशी कापायची (कापणं मोठ्यांनी), वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून खडे आणि पाणी घालून सरळ भागापर्यंत आणायचं आणि तिथे चिकटपट्टीनं शून्य. शून्यापासून वर मोजपट्टी चिकटवून मिलिमीटर वाचायचे. पहिल्यांदा बाटली खिडकीच्या ग्रिलला बांधली आणि आकडा भलताच आला, कारण पागोळीचं पाणी त्यात पडत होतं. ती उघड्या गच्चीवरच हवी, वीट लावून. विजा चमकत असतील तर कुणीच वर जायचं नाही. मुसळधार दिवशी बाटली भरून वाहते. तेव्हा वहीत "भरली" एवढंच लिहायचं. वाचून झालं की पाणी ओतून पुन्हा शून्यापर्यंत ताजं भरायचं, डास नकोत.

वेळ सकाळी साडेआठची, कारण हवामान खातं कुलाबा आणि सांताक्रूझचे २४ तासांचे आकडे साडेआठपर्यंतचेच देतं. मुलगा तिन्ही आकडे शेजारी लिहायला लागला. ते जुळत नाहीत म्हणून चिडला, तेव्हा त्याला २६ जुलै २००५ चा पाऊस सांगितला: सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला ७५ च्याही आत. एकाच शहरात एवढा फरक पडतो हे कळल्यावर त्याची बाटली त्याला खरी वाटू लागली.

बैठं शेवटी: सागरगोटे, बदाम सात, आणि संध्याकाळी आईच्या मीटिंगच्या वेळात ४५ मिनिटं मोबाइल. तो बंद केला नाही, त्याची जागा ठरवली. अलर्ट नसलेल्या दिवशी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. फक्त निघण्याआधी भरतीची वेळ बघायची. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाणी समुद्रात जात नाही आणि परळजवळच्या सखल हिंदमाता चौकात ते तुंबतं.

तिसऱ्या आठवड्याच्या नोंदीत अकराचं भांडण नव्हतं. पाचचं दोनदा झालं होतं, दोन्ही दिवशी आजी देवळात गेली होती आणि अंगाचे व्यायाम राहिले होते. आता ते मोजायचं काम शेजारच्या ताईकडेही दिलं आहे. चिडचिड उघडिपीतही, शाळा सुरू असतानाही तशीच राहिली, झोप किंवा जेवण बिघडलं, तर मात्र खेळ बदलत बसू नये; मुलाला घेऊन पुन्हा भेटायला यावं.