भाजी कुणाच्या वाट्याला?

वाचकांचे प्रश्न : आहार आणि आरोग्य

प्रश्न : मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका वाड्यावर राहते आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते. कंपनीची बस सकाळी पावणेसातला नाक्यावर येते आणि संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत साडेसहा वाजून जातात. त्या वेळी वाड्यावरच्या दुकानात कांदे, बटाटे, बिस्किटे, फरसाण आणि नूडल्सची पाकिटे एवढेच उरलेले असते. रक्त कमी असल्यामुळे डॉक्टरांनी पालेभाजी, फळे, दूध, कडधान्ये खायला सांगितली आहेत. माझी जाऊ पणजीजवळ पर्वरीला असते. तिने फोनवर सांगितले की सगळे तिच्या दारात येते. ती म्हणते, मनात असले की जमते. खरोखर हा आमचा आळस आहे का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : आळस हा शब्द प्रथम बाजूला ठेवू या. आपण पत्रात दिवसाचे वेळापत्रक लिहिले आहे आणि निम्मे उत्तर त्यातच आहे : आपल्या गावात भाजी विकली जाते त्या वेळी आपण कुंडईला असता.

पैशांचा हिशेब मांडून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध धरले आहे. चार माणसांच्या घरात मुलांचे थोडे कमी धरले तरी दिवसाला दीड किलो भाजी झाली. किलोचा सरासरी भाव ५० रुपये धरला तर दिवसाचे ७५ आणि महिन्याचे २,२५० रुपये होतात. दूध लिटरला ६० रुपयांनी धरले तर जवळजवळ तेवढेच पुन्हा. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेतून गृहिणीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ते सगळेच्या सगळे भाजीवर घातले, तरी विसाव्या दिवशी संपतील.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवून दिले होते की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा अन्नावर जातो. आपल्या देशाच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणातही ग्रामीण भागात हा हिस्सा सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ३९ टक्के आढळला. हिस्सा मोठा असला तरी रक्कम लहानच असते, आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की तांदूळ, तेल व साखर जागेवर राहतात आणि फळे, भाजी व मासळी उतरत जातात. कारण पोट भरण्याचे काम भात स्वस्तात करतो, पालेभाजी करीत नाही. यात अडाणीपणा मुळीच नाही. उलट, कमी पैशांत घरातल्या सगळ्यांचे पोट भरायचे असेल तर कोणताही हिशेबी माणूस हेच करील.

आता नासाडीचे पाहा. हा मुद्दा सल्ला देणाऱ्यांच्या (माझ्याही) ध्यानात फार उशिरा येतो. तांबड्या भाजीची जुडी मे महिन्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, तरी दुसऱ्या सकाळी पाने मलूल होतात आणि देठ बुळबुळीत होऊ लागतात. ज्या घरात मोठा फ्रिज आहे, तिथे आठवड्याची भाजी एकदम आणता येते. ज्या घरात तो नाही, किंवा आहे पण वीज वरचेवर जाते, तिथे रोज थोडे घ्यावे लागते आणि थोडे घेणाऱ्याला भाव नेहमीच चढा पडतो. त्यात मुलाने नवी भाजी ताटात तशीच टाकली, तर आपल्या जावेच्या घरी ती फक्त वाया जाते. आपल्या घरी मात्र त्या रात्री दुसरे काही करायला पैसे नसतात. म्हणून आई मुले हमखास खातील तेच आणते. बिस्किटाचा पुडा कधी नासत नाही आणि कुणी नाकारतही नाही.

जागेचा प्रश्न तर आपल्या तालुक्यात विशेष चमत्कारिक आहे. गोव्यात विकली जाणारी भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहून येते आणि तिच्यातली बरीचशी चोर्ला घाट उतरून, केरीवरून, म्हणजे सत्तरीतूनच, पणजी-म्हापशाकडे निघून जाते. गाडी आपल्या शिवारातून जाते खरी, पण गिऱ्हाईक जिथे दाट आणि खिशाने बरे, तिथेच ती रिकामी होते. चाळीस घरांच्या वाड्यावर पाच किलो भेंडी उतरवणे व्यापाऱ्याला परवडत नाही. गोवा फलोत्पादन महामंडळाच्या विक्री केंद्रांवर भाजी बाजारभावापेक्षा स्वस्त मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती सवलत भाजीच्या किलोवर आहे, घेणाऱ्याच्या उत्पन्नावर नाही. मोटारीने येऊन चार पिशव्या भरणाऱ्यालाही ती मिळते आणि बसच्या वेळेमुळे तिथवर पोहोचू न शकणारीला ती कागदावरच राहते.

आपल्या पत्रापुरते काही सुचवते. टिकणाऱ्या वस्तूंवर भर द्या. आपण इथे ज्याला दुदी म्हणतो तो लाल भोपळा न कापलेला असेल तर कित्येक आठवडे राहतो. सुरण, कणगे, कच्ची केळी यांनाही फ्रिज लागत नाही. अळसाणे (चवळीसारखे कडधान्य), कुळीथ, चणे आणि मूग पगाराच्या आठवड्यात एकदम भरून ठेवा, रात्री भिजत घाला आणि मूग-मटकीला मोड आणा. शेवग्याचे झाड परसात किंवा शेजाऱ्याकडे असेल तर त्याचा पाला फुकटची पालेभाजी आहे, आणि ती तोडायला साडेसहानंतरही वेळ असतो. तारले मिळतील त्या दिवशी महागड्या मासळीकडे पाहू नका. जेवणाला लागून चहा घेऊ नका, कारण त्यामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. ताटात लिंबू किंवा आवळा असला तर ते अधिक लागते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका, रक्त कमी झालेले असताना केवळ आहाराने ते लवकर भरून निघत नाही.

आणखी एक. कंपनीच्या बसमधून पन्नासेक बायका रोज त्याच वाटेने परत येत असतील. एखाद्या भाजीवाल्याला संध्याकाळच्या त्या वेळी नाक्यावर उभे राहायला सांगून पाहा. पन्नास गिऱ्हाइके एकदम मिळणार असतील तर तो सकाळची पालेभाजी थोडी राखून ठेवील.

प्रश्न : मी फोंडा येथील निवृत्त शिक्षक आहे. आमच्या लहानपणी गरिबातला गरीबही पेज, सुके बांगडे आणि परसातली भाजी खाऊन धडधाकट असायचा. आज हाती पैसे असूनही पालक मुलांच्या डब्यात चिप्स घालतात. हा प्रश्न गरिबीचा नसून सवयीचा आहे, असे मला वाटते. आपले मत काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सर, आपले म्हणणे निम्मे खरे आहे आणि त्या निम्म्याला चांगला पुरावाही आहे. अमेरिकेत गरीब वस्त्यांपैकी ज्यांच्या आसपास मोठे किराणा दुकान नाही (शहरात साधारण एक मैल आणि खेड्यात दहा मैल हा तिथला मापदंड) त्यांना ‘फूड डेझर्ट’, म्हणजे अन्नाचे वाळवंट, म्हणतात. दुकान उघडले की आहार सुधारेल, अशी तिथे फार आशा होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अर्थशास्त्रीय अभ्यासात मात्र दिसले की नवे दुकान आल्यावर लोक तिथे जाऊ लागले, पण पिशवीत पूर्वीचेच पदार्थ भरत राहिले. गरीब घरांना श्रीमंतांइतकीच उपलब्धता आणि तेच भाव मिळाले, तरी आहारातील दरीपैकी केवळ दहा टक्क्यांच्या आसपास कमी होईल, असा त्या अभ्यासकांचा अंदाज होता.

मात्र सवय आकाशातून पडत नाही. आपण ज्या पेजेची आठवण काढता, तिच्यामागे परसू होते, विहीर होती, घरात दिवसभर असणारी माणसे होती आणि मे संपण्याआधी पुरमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, साठवण करून ठेवायला माळा होता. तायकिळा, तेरे, अळू, कुर्डू या पावसाळी भाज्यांना पैसे पडत नसत. पावसाची पहिली सर येऊन गेली की ती उगवतच. ज्यांची शेते लोहखनिजाच्या खाणींच्या मातीने भरली, किंवा २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर ज्यांचा महिन्याचा हिशेबच कोलमडला, त्यांच्याकडून परसातल्या भाजीची अपेक्षा कशी करणार? वास्को किंवा वेर्ण्याच्या बाजूला भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याला तर शेवग्याची फांदी लावायला हातभर जमीनही नसते. आणि लहानपणीच्या त्या धडधाकटपणाबद्दल थोडी शंका घेण्याची परवानगी द्या : जी भावंडे जगली नाहीत, त्यांची आठवण आपण सहसा काढत नाही.

आजचे चित्रही एकेरी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातील पाच वर्षांखालील सुमारे एक चतुर्थांश मुलांची उंची वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि त्याच सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त निघाले. दरडोई उत्पन्नात देशात वरच्या क्रमांकावर असलेल्या राज्याची ही स्थिती आहे. चिप्सच्या बाबतीत आपला राग मला मान्य आहे. आधी उल्लेखिलेल्या खर्चाच्या सर्वेक्षणात पेये, तयार आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांवरचा खर्च ग्रामीण भागात ९.६ आणि शहरी भागात १०.६ टक्के निघाला, म्हणजे दोन्हीकडे भाज्यांवरील खर्चापेक्षा जास्त. पण हे पाकीट पाच-दहा रुपयांत हाती येते आणि शाळेच्या फाटकासमोरच लटकत असते, हेही त्या सवयीचेच एक कारण आहे. शाळेतल्या माध्यान्ह आहारात उसळ किंवा भाजी-पाव रोज समोर आला तर मुले तो खातात. आपण शिक्षक होता, हे माझ्याहून आपल्याला जास्त ठाऊक असेल.

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. वेर्ण्याला कामाला असून तीन मित्रांसह खोली भाड्याने घेतली आहे. रेशनकार्ड गावाकडे आहे. इथे धान्य मिळेल का?
— एक वाचक, वेर्णा

उत्तर : मिळेल. ‘एक राष्ट्र, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेत कर्नाटक आणि गोवा ही दोन्ही राज्ये जानेवारी २०२० पासून आहेत. आपले कार्ड राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचे असले आणि आपला आधार क्रमांक त्याला जोडलेला असला, तर कार्ड गावीच ठेवून केवळ त्याचा किंवा आधारचा क्रमांक सांगून आणि यंत्रावर बोट लावून आपल्या वाट्याचे धान्य इथल्या रास्त धान्य दुकानातून उचलता येते; उरलेल्यांचे घरची माणसे गावी घेऊ शकतात. प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कर्नाटक सरकार स्वतःच्या खर्चाने जे जादा देते ते मात्र इथे मिळणार नाही, आणि डाळ, तेल व भाजी यांचा या हक्कात समावेशच नाही. तांदळावरचे जे पैसे वाचतील ते चौघांनी मिळून एका डब्यात टाका आणि त्यांतून कडधान्ये व अंडी आणा. चौघे एकत्र शिजवणार असाल तर भाजीही किलोच्या भावाने घेता येईल.