न्हाणीघरातील चैन : वाचकांचे प्रश्न

दिवाळी संपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. चकल्या का मोडल्या हे विचारणारी पत्रे मागे पडतात आणि भेट म्हणून आलेल्या सुगंधी खोक्यांचे काय करायचे, हे विचारणारी पत्रे सुरू होतात. साबण व प्रसाधने बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी २२ वर्षे गेली असल्याने संपादकांनी यंदाचा सगळा गठ्ठा माझ्याकडे सोपवला आहे. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : भाचीने इंग्लंडहून येताना माझ्यासाठी ‘बाथ बॉम्ब’चा सहा गोळ्यांचा डबा आणला. आमच्या घरी टब नाही, आंघोळ बादलीनेच होते. गोळा बादलीत टाकला तर चालेल का, की डबा कोणाला तरी पुढे देऊन टाकावा? सोबत एप्सम सॉल्टची बरणीही आहे. त्याने गुडघेदुखी थांबते, असे भाचीचे म्हणणे. (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

उत्तर : डबा पुढे देऊ नये. पुण्यात अशा भेटी फिरत फिरत मूळ माणसाकडेच परत येतात.

गोळ्याची कृती फारशी गूढ नाही. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड साधारण दोनास एक या प्रमाणात कोरडेच मिसळायचे, त्यात थोडे तेल, सुगंध आणि रंग घालायचा आणि ते साच्यात घट्ट दाबायचे. पाणी लागताच सोडा आणि आम्ल यांची अभिक्रिया होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि गोळा फसफसत विरघळतो. पित्त झाल्यावर आपण पेल्यात जी पुडी सोडतो, तिच्यातही बहुधा हीच जोडी असते. लश कंपनीच्या सहसंस्थापक मो कॉन्स्टंटाइन यांनी १९८९ साली इंग्लंडमध्ये हा गोळा प्रथम बनवला, तेव्हा त्यांनाही पाण्यात फसफसणाऱ्या औषधी गोळ्यांवरूनच ही कल्पना सुचली होती.

अडचण प्रमाणाची आहे. हा गोळा दीडशे-दोनशे लिटरच्या टबासाठी असतो आणि आपली बादली पंधरा-वीस लिटरची. हा हिशेब ठाऊक असूनही मी एकदा आळसाने जांभळा गोळा सबंधच बादलीत टाकला. पाण्याला शाईची कळा आली, पांढरा मग कायमचा फिकट जांभळा झाला आणि गोळ्यातील चमकी मोरीच्या जाळीत आठवडाभर लुकलुकत राहिली. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी घरात कोणाचे लग्न ठरले का, असेही विचारून घेतले. तेव्हा गोळा स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडावा आणि बादलीसाठी आवळ्याएवढा तुकडा घ्यावा. तुकडा पूर्ण विरघळल्यावरच पाणी अंगावर घ्यावे आणि शेवटचे दोन तांबे साध्या पाण्याचे घ्यावेत. त्यातील तेलाने फरशी निसरडी होते, म्हणून आंघोळीनंतर मोरीत गरम पाणी ओतून खराटा मारायला विसरू नये.

माझ्या मते मात्र या गोळ्याचे खरे सुख बादलीत नसून पाय बुडवून बसण्यात आहे. प्लॅस्टिकच्या पसरट टबात पावले बुडतील इतके कोमट पाणी घ्यावे, सुपारीएवढा तुकडा सोडावा आणि वीस मिनिटे कोणी हाक मारणार नाही अशी व्यवस्था करावी. माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ काढण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. चिंचेने तांब्याचे भांडे लखलखते ते आम्ल वरचा थर विरघळवते म्हणून, आणि हे सायट्रिक ॲसिड पायांभोवती तेच करील. उरलेले तुकडे घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावेत आणि पावसाळ्यापूर्वी संपवावेत, कारण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गोळा डब्यातच फुगतो आणि मग पाण्यात टाकल्यावर नुसता तळाशी बसतो.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. लंडनजवळच्या एप्सम गावातील झऱ्यांवरून त्याला हे नाव मिळाले. त्यातील मॅग्नेशियम त्वचेतून आत जाऊन सांधे बरे करते, याला भक्कम पुरावा नाही. बरे वाटते ते मुख्यतः कोमट पाण्याने आणि स्वस्थ बसण्याने, आणि तेवढ्यासाठी बरणी अवश्य वापरावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय गरम पाण्यात बुडवून बसू नये. त्यांना भाजल्याचे कळत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत वर्षातील बरेच महिने टँकरचे आणि बोअरचे पाणी असते. थंडी सुरू झाली की हातापायांवर नखाने पांढऱ्या रेघा उमटतात. गेल्या महिन्यात साडेतीन हजारांचे फ्रेंच बॉडी बटर आणि बावीसशेचे हायलुरॉनिक ॲसिडचे सीरम घेतले, पण फरक नाही. उलट चेहरा ओढल्यासारखा वाटतो. माल नकली असेल का? (संगणक अभियंता, वाघोली)

उत्तर : माल अस्सल असूनही असेच होऊ शकते, म्हणून आधी पाण्याकडे पाहू. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. शाळेच्या पुस्तकात अशा जड पाण्याला ‘दुष्फेन’ म्हटले आहे आणि शब्द चपखल आहे, कारण साबणातील मेदाम्ले या क्षारांशी जोडली गेली की फेसाऐवजी न विरघळणारा चिकट साका बनतो. बादलीच्या कडेला जमणारी करडी रेघ ती हीच. खडकवासल्याचे पाणी येणाऱ्या पेठांमध्ये वडीचे दोन फेरे फिरवले की फेस येतो; बोअरच्या पाण्यात तो येत नाही म्हणून आपण आणखी घासतो, आणि साका व जास्तीचा साबण दोन्ही अंगावर राहतात. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) साधारण पाचच्या आसपास असतो, तर साबणाचा नऊ-दहा. अशा त्वचेवर साडेतीन हजारांचे बटर लावणे म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरत राहणे.

त्यामुळे पहिला बदल वडीत करावा. वेष्टनावर ‘साबण’ असे न लिहिता ‘क्लेन्झिंग बार’ लिहिलेल्या आणि सिंडेट प्रकारच्या, म्हणजे साबणाऐवजी कृत्रिम प्रक्षालकांपासून बनवलेल्या वड्या औषधांच्या दुकानात मिळतात. त्यांचा जड पाण्यात साका होत नाही आणि त्यांचा सामू त्वचेला जवळचा असतो. टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्याचे प्रमाण, ७६ टक्के किंवा अधिक असलेला उत्तम साबणही त्वचेला तुलनेने सौम्य असतो, पण जड पाण्यासमोर त्याचे काही चालत नाही. शिवाय काखा, जांघा आणि पावले सोडली, तर कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाला रोज सर्वांगाला फेस लावण्याची गरज नसते. पाणी कोमट असावे. बाथरूमचा आरसा वाफेने धुरकटला तर ते जास्त गरम आहे, असे समजावे.

आता सीरम. हायलुरॉनिक ॲसिड १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गायीच्या डोळ्यातील द्रवातून वेगळे केले. पुढे ते कोंबड्यांच्या तुऱ्यांतूनही काढले जात असे आणि आता बहुतांशी जिवाणूंच्या किण्वनातून मिळते. पाणी धरून ठेवणे हे त्याचे काम. पण ते पाणी तयार करू शकत नाही. डिसेंबरातील पुण्याच्या कोरड्या दुपारी, पंख्याखाली, सुकलेल्या चेहऱ्यावर ते नुसते लावले की ते वाळते आणि कातडी ताणल्यासारखी वाटते. चेहरा धुऊन तो ओला असतानाच सीरम लावावे आणि लगेच त्यावर क्रीमचा थर द्यावा. तेवढ्याने बावीसशे रुपये वसूल होण्याची शक्यता बरीच वाढते.

बटरचेही तसेच आहे. आंघोळ, कपडे, चहा आणि वर्तमानपत्र आटोपून मग ते लावले तर ते कोरड्या कातडीवर नुसते बसून राहते. टॉवेलने अंग टिपून, घासून नव्हे, तीन-चार मिनिटांच्या आत लावावे, म्हणजे अंगावरची ओल आत कोंडली जाते. हे कोंडण्याचे काम औषधांच्या दुकानातील साधी पेट्रोलियम जेली महागड्या बटरापेक्षाही चांगले करते, मात्र ती चिकटते आणि तिला ना सुगंध ना डौल. त्या डौलाचे आणि सुगंधाचे तुम्ही पैसे मोजले आहेत. ते मोजण्यात गैर काहीच नाही. फक्त ते पैसे कशाचे, एवढे आपले आपल्याला ठाऊक असावे. जाता जाता, बरणीवरील घटकांच्या यादीत ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ असे दिसते का ते पाहावे. दिसले तर ते कोकमाच्या बियांचे तेल होय. कोकणात त्याला भिरंडेल म्हणतात आणि त्याचा घट्ट गोळा तापवून टाचांच्या भेगांत भरतात.

प्रश्न : चार हजारांचे व्हिटॅमिन सी सीरम तीन महिन्यांत चहासारखे झाले आहे. टाकून द्यायला जीव होत नाही, निदान कोपरांना लावू का? आणि पार्लरमधील २४ कॅरेट सोन्याच्या फेशियलबद्दल आपले मत काय? (गृहिणी, सिंहगड रस्ता)

उत्तर : कोपरांनाही लावू नये. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड हवा, उजेड आणि उष्णता यांनी बिघडते. फिकट पिवळे होईपर्यंत चालवून घेता येते, पण तपकिरी झाले की उपयोग संपला आणि आग होण्याची शक्यता मात्र उरली. पुढच्या वेळी लहान, गडद रंगाची बाटली घ्यावी आणि ती शीतकपाटात ठेवावी. चार हजारांच्या सीरमनंतर सकाळी सनस्क्रीन लावत नसाल, तर आधी सनस्क्रीन घ्यावे आणि मग पुरते तर सीरम.

सोने रासायनिकदृष्ट्या आळशी धातू आहे, म्हणून तर ते पिढ्यान्‌पिढ्या काळे पडत नाही. चेहऱ्यावरही ते काही करीत नाही. ते लक्ष्मी रस्त्यावर घ्यावे, निदान मोडता येते.

प्रश्न : नरक चतुर्दशीला आमच्या घरी दरवर्षी तोच वाद होतो. सासूबाई घरचे उटणे लावायला लावतात. मला ते खरखरीत वाटते आणि मोरी तुंबते. यंदा मी कॉफी व साखरेचा महागडा बॉडी स्क्रब आणला, तर त्या म्हणाल्या, “हे अंगाला लावायचे की खायचे?” शास्त्रीयदृष्ट्या कोण बरोबर? (वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : सासूबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. साखर आणि कॉफी दोन्ही स्वयंपाकघरातलीच.

उटण्याची बाजू मात्र बरीच भक्कम आहे, ती अभ्यंगाच्या क्रमामुळे. आधी कोमट तिळेल अंगात जिरवायचे आणि मग त्या तेलावर उटणे चोळायचे. मसुराचे पीठ आणि मुलतानी माती जास्तीचे तेल शोषून घेतात, आणि तेलाचा पातळ थर मागे राहतो म्हणून त्या दिवशी अंग कोरडे पडत नाही. नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, आंबेहळद, जटामांसी यांचे काम प्रामुख्याने सुगंधाचे. महागड्या स्क्रबमध्येही रचना तीच असते : तेल, घासणारे कण आणि सुगंध. साखरेचा एक गुण मान्य करायला हवा. ती ओल्या अंगावर विरघळत जाते, त्यामुळे अती घासले जात नाही आणि मोरीही तुंबत नाही.

खरखरीतपणाची तुमची तक्रार रास्त आहे, पण दोष उटण्याचा नसून चाळणीचा असावा. रविवार पेठेतून काष्ठौषधी आणून घरी दळल्या की वाळ्याचे आणि संत्र्याच्या सालीचे तंतू राहतात, ते अंगाला बोचतात. दळण मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करावे आणि पाण्याऐवजी दुधात किंवा सायीत भिजवून दहा मिनिटे मुरू द्यावे. वर राहिलेला जाडसर चोथा पावलांसाठी वेगळा ठेवावा. चेहऱ्याला साखर, कॉफी किंवा जाडे उटणे यांपैकी काहीच घासू नये. स्क्रब पुढच्या रविवारी वापरावा आणि सासूबाईंनाही हातावर घेऊन पाहायला द्यावा. वास कॉफीचा असल्याने त्या अगदीच नाही म्हणणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : कॉलेजजवळच्या एका विक्रेत्याकडे नामांकित परदेशी कंपन्यांची क्रीम्स आणि सीरम्स मूळ किमतीच्या चौथाईत मिळतात. वेष्टन हुबेहूब आहे. घ्यावे का? (विद्यार्थिनी, फर्ग्युसन रस्ता परिसर)

उत्तर : घेऊ नये. वेष्टन हुबेहूब छापणे हे या धंद्यातले सर्वांत सोपे काम आहे.

खात्री करायची असेल तर खोके उलटे करून पाहावे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार परदेशी प्रसाधन भारतात विकण्यासाठी आधी नोंदणी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक व आयातदाराचे नाव-पत्ता लेबलवर असावा लागतो. रुपयांतील कमाल किरकोळ किंमत, बॅच क्रमांक आणि मुदतही असते. यांतले काहीच नसेल, तर माल एक तर नकली किंवा कोणीतरी सामानातून आणलेला, आणि दोन्ही बाबतींत तक्रार करायला समोर कोणी नसते. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना, हेही पाहावे. गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या बेनामी क्रीमबाबत तर विशेष सावध राहावे, कारण अशा मालात पारा किंवा स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. अस्सल वस्तू वापरून पाहायचीच हौस असेल, तर अधिकृत दुकानातून तिचे छोटे प्रवासी माप घ्यावे, कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस थांबावे आणि मग चेहऱ्याकडे वळावे.

हा धंदा रिकाम्या अस्सल बाटल्यांवरही चालतो. घरातली महागडी बाटली संपली की रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तिचे लेबल खरवडून काढावे, आणि खोके फाडूनच द्यावे.