आपले प्रश्न : बाजाराची पिशवी आणि चमचाभर तेल

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त लिपिक आहे. मंडळींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून दोन महिने स्वयंपाकघर माझ्याकडे आले आहे. त्याआधी चहापलीकडे मला काही येत नव्हते. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मला तेल-मीठ कमी करण्यास सांगितले आहे. दर रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आठवड्याचे माळवे आणतो, पण गुरुवारपर्यंत पालेभाज्या पिवळ्या पडून निम्म्या टाकाव्या लागतात. मेथी केली की तिला पाणी सुटते आणि ती खारट होते. तेल कमी घातले तर भाजी आजाऱ्याची वाटते. पुस्तकात पाहून शिकावे काय?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : पुस्तक थोडे दिवस कपाटातच राहू द्यावे, कारण आपली निम्मी अडचण बाजाराच्या पिशवीत आहे. एकाच वेळी दहा जणींच्या पाट्यांत जे दिसते आणि दुपार कलताना ज्याचा भाव उतरतो, ते हंगामाचे माळवे समजावे. सध्याच्या थंडीत पावटा, ओला हरभरा, चाकवत, मेथी, मुळा, गाजर आणि जवारी वांगी ही त्यातली. दोघांच्या घराला आठवड्याला पालेभाजीच्या दोन पेंढ्या पुरेत. घरी आल्यावर पेंढी सोडावी, पिवळी पाने काढावीत आणि न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. त्या दोन्ही पेंढ्या मंगळवारपर्यंत संपवाव्यात, मग वांगी-पावट्याकडे वळावे आणि कोबी, गाजर, भोपळा, मोडाची मटकी ही टिकाऊ मंडळी आठवड्याच्या शेवटासाठी राखावीत.

मेथीचे म्हणाल तर ती आधी धुऊन, निथळून मगच चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात आणि पाल्यात पाणीही राहते. कढईभर दिसणारा पाला शिजून मूठभर होतो, त्यामुळे सुरुवातीला नजरेने घातलेले मीठ शेवटी जास्त ठरते. शिवाय लवकर पडलेले मीठ पाल्यातले पाणी बाहेर काढते. म्हणून झाकण न ठेवता मोठ्या आचेवर मेथी परतावी आणि ती बसल्यावर मीठ घालावे.

पावटा किंवा गवार यांना मात्र झाकण हवे. कढईवर ताट ठेवून त्या ताटात पेलाभर पाणी ओतावे. खालची वाफ गार ताटाला लागून थेंब होऊन भाजीत परत पडते, त्यामुळे भाजी करपत नाही आणि करपू नये म्हणून घातले जाणारे जास्तीचे तेल वाचते. भाजी कोरडी वाटली तर ताटातले तेच गरम पाणी तिच्यात घालावे. गार पाण्याने शिजणे मध्येच थांबते.

रश्श्यावर कट, म्हणजे तेलाचा तवंग, दिसला नाही तर कोल्हापुरात स्वयंपाक झाल्यासारखाच वाटत नाही, हे मला मान्य आहे, आणि माझ्याही घरी सणाला तो असतो. रोजच्या जेवणात तेल शेवटी वापरून पाहावे. चाकवत तीन पाण्यांतून धुऊन, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे घालून शिजवावा व घोटावा. त्यात ताकात कालवलेले दोन चमचे बेसन घालावे आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहावे. बेसनामुळे ताक फुटत नाही. मग एका चमचा तेलात ठेचलेला लसूण बदामी करून, हिंग आणि सुक्या मिरचीची फोडणी वरून ओतावी. फोडणीचा वास ताटात आधी पोचतो, म्हणून चमचाभर तेलातही भाजी आजाऱ्याची वाटत नाही. शाळूची भाकरी सोबत असेल तर प्रश्नच मिटला. ती जमेपर्यंत कोणाकडून करून घेण्यात कमीपणा मानू नये, कारण थापायचा हात यायला दिवस लागतात.

आता मिठाविषयी. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. आपल्याकडे ते कढईत पडण्याआधीच कांदा-लसूण मसाल्यात असते, लोणच्यात असते, खरड्यात असते, पापडात असते. सकाळीच दोघांसाठी दीड सपाट चमचा मीठ वाटीत काढून ठेवावे आणि दिवसभरातले भाकरी, भाजी, कोशिंबीर सारे त्याच वाटीतून करावे. उरलेला अर्धा चमचा मसाल्याने आधीच खाल्लेला असतो. चव कमी वाटली तर ताटात लिंबू पिळावे. पालेभाजीतले लोह शरीराला मिळण्यासही त्याची मदत होते. मूत्रपिंडाचा काही त्रास असल्यास ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, कारण त्यात पोटॅशियम असते.

प्रश्न : मी राजारामपुरीत खोली घेऊन शिकते. एकच इंडक्शन शेगडी आहे, फ्रिज नाही. मेसचे तेलकट जेवण सोडायचे आहे, पण रोज दोन-तीन पदार्थ करायला वेळ नाही.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन-तीन पदार्थांचा हट्ट सोडावा. छोट्या कुकरमध्ये तांदूळ, मूगडाळ आणि त्या दिवशी मिळालेली एखादी भाजी, मग पावटा असो वा गाजर-वांगे, एकत्र शिजवल्यास एका शिट्टीच्या फरकाने जेवण होते. फ्रिज नसल्याने माळवे रोज संध्याकाळी एका वेळेपुरतेच घ्यावे. मटकी सकाळी भिजवून रात्री ओल्या फडक्यात बांधावी. थंडीत मोड यायला एक दिवस जास्त लागतो, तेव्हा पुरचुंडी उबदार जागी ठेवावी. मोड आलेली मटकी त्याच दिवशी शिजवून संपवावी.