कोथरूडहून मुळशीच्या शेतावर जायला पिकअप टू-व्हील ड्राइव्ह घ्यावी की फोर-व्हील?

तुम्ही लिहिलंय की शेवटचा दीड किलोमीटर कच्चा आहे. निर्णय त्यावरच करा, ताम्हिणी घाटावर नको. घाट डांबरी आहे, तिथे टू-व्हील ड्राइव्हही आरामात चढते.

पिकअपची खरी अडचण ती रिकामी असताना येते. हौदा मोकळा म्हणजे मागच्या चाकांवर वजन नाही, आणि टू-व्हीलमध्ये इंजिनाची ताकद जाते ती नेमकी त्याच चाकांना. जुलैत भातखाचराशेजारच्या चिखलात ती जागेवरच फिरत राहतात. खताची पोती भरली की हीच गाडी बऱ्याचदा मुकाट निघते! म्हणून भर पावसात रिकामी गाडी आत न्यावी लागत असेल तर मी फोर-व्हीलच घ्यायला सांगेन. लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, असेल तर चिखलातल्या चढावर क्लचही फार भाजत नाही.

पण अशा बहुतेक पिकअपमध्ये फोर-व्हील पार्ट-टाइम असते, म्हणजे गरज पडेल तेव्हाच आपण लावायची. कोरड्या डांबरावर ती लावून ठेवू नका. वळताना पुढची नि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी) नसल्यामुळे सगळा ताण गिअरांवर येतो. फोर-व्हील आहे म्हणून ब्रेक मारल्यावर गाडी लवकर थांबेल असंही नाही, त्याला टायरच चांगले लागतात.

किंमत, वजन, डिझेल, सगळंच फोर-व्हीलला जास्त. इसुझूची व्ही-क्रॉस दोन्हींत आली आहे, चालवून बघा. आणि शेतरस्त्यावर मुरूम टाकून घेणार असाल, तर टू-व्हील पुरेल.