लेक इरीवर वॉलआय माशाच्या ट्रोलिंगसाठी कोणता रॉड आणि कोणते रील घ्यावे?

लेक इरी या उत्तर अमेरिकेतील सरोवरावर प्लेनर बोर्ड (दोरी बोटीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) लावून वॉलआयसाठी ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासेमारी, करणार असाल, तर साधारण साडेआठ फुटांचा, मध्यम ताकदीचा आणि हळूहळू वाकणारा रॉड घ्यावा व त्याला लाइन काउंटर (सोडलेल्या दोरीची लांबी दाखवणारा मोजक) असलेले 20 आकाराचे रील जोडावे. काउंटरला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो, कारण क्रँकबेट (पाण्यात बुडी मारणारे कृत्रिम आमिष) किती खोल जाईल हे बरेचसे बोटीमागे सोडलेल्या दोरीच्या लांबीवर ठरते आणि एका रॉडला मासा लागला की तीच लांबी बाकीच्या रॉडांवरही नेमकी सोडता आली पाहिजे. मात्र काउंटर प्रत्यक्षात स्पूलचे, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या रिळाच्या फिरत्या भागाचे, फेरे मोजतो. स्पूल अर्धे रिकामे असेल, तर 100 फुटांचा आकडा दिसूनही दोरी त्याहून बरीच कमी गेलेली असते. म्हणून सर्व रील एकाच मॉडेलची घेऊन त्यांवर एकाच जाडीची दोरी, बहुधा 10 पौंडी मोनोफिलामेंट (एकाच धाग्याची नायलॉन दोरी, थोडक्यात मोनो), सारखीच काठोकाठ भरावी. रॉड ताठ असू नये, कारण चालत्या बोटीच्या ओढीने माशाच्या तोंडाचे मांस फाटते आणि गळ निसटतो. वाकणारा रॉड व थोडी ताणली जाणारी मोनो हा झटका झेलतात. न ताणली जाणारी ब्रेड (विणलेली) दोरी वापरायची असेल, तर रॉड आणखी लवचीक हवा आणि ड्रॅग, म्हणजे ओढ बसल्यावर दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, सैल ठेवावा. ही निवड लेडकोर (आत शिशाची तार असलेल्या) दोरीसाठी मात्र पुरेशी नाही. ती जाड असल्याने तिला मोठ्या स्पूलचे रील लागते.