महागाईचा दर एकच जाहीर होतो, मग झळ वेगवेगळी का बसते?

दर सर्वांना सारखाच असताना गरिबाला महागाई जास्त लागते असे का म्हणतात, असे आपण विचारले आहे. सांगलीत माझे किराणा दुकान आहे, त्यामुळे याचे उत्तर मला गल्ल्यावर बसूनच दिसते.

जाहीर होणारा दर सरासरीचा असतो. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार अन्नावरचा खर्च ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के आहे, आणि उत्पन्न जितके कमी तितका हा हिस्सा मोठा. ज्याचा निम्मा खर्च पोटावर होतो, त्याचा एकूण खर्च अन्न १० टक्क्यांनी महागले की ५ टक्क्यांनी वाढतो. ज्याचा पाव खर्च होतो, त्याचा अडीचच टक्क्यांनी.

माझ्या मते खरा फरक मात्र पुढेच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झाले आणि ऐन सणात तेल भडकले. एका निवृत्त शिक्षकांनी भाव चढताच दोन डबे भरून ठेवले. एक नोकरदार घर सूर्यफुलावरून सोयाबीनवर आले. द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या बाई आधीपासूनच सर्वांत स्वस्त तेल नेत होत्या. त्यांना उतरायला खालची पायरीच नव्हती, म्हणून त्या लिटरऐवजी अर्ध्या लिटरची पिशवी नेऊ लागल्या, आणि लहान पिशवीचा लिटरमागे पडणारा भाव सहसा जास्त असतो.

उत्पन्नाचेही तसेच आहे. सरकारी निवृत्तिवेतनधारकाचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून सुधारतो. किमान वेतनातील महागाईशी जोडलेला विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी बदलतो, पण कंत्राटी कामगाराच्या हातात तो पडेलच असे नाही. रेशनवर माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते, हा मोठाच आधार आहे. डाळ, तेल आणि भाजी मात्र बाजारभावानेच घ्यावी लागते.

आपल्या घराचा दर काढायचा असल्यास गेल्या वर्षीच्या याच महिन्याची यादी, गॅस, वीजबिल आणि शाळेची फी यांसह, आजच्या भावाने पुन्हा मांडून पाहावी.